टायरची पाठ गोल की सपाट?

कोल्हापुरात शिक्षकांसाठी भरलेल्या एका विज्ञान कार्यशाळेतली ही गोष्ट. विषय होता वर्तुळाकार गती. गोफणीतला दगड, जत्रेतला गोल फिरणारा पाळणा, दोरीला बांधून फिरवलेली पाण्याची बादली अशी नेहमीची उदाहरणे सांगून झाली. शेवटी प्रश्न विचारा असे म्हटल्यावर मागच्या बाकावरचे एक गुरुजी उठले. ते रोज जोतिबाच्या डोंगरावर मोटारसायकलने ये-जा करणारे.

"सर, माझ्या बुलेटचा मागचा टायर भराभर झिजतो. शेजाऱ्यांच्या कारचे टायर मात्र वर्षानुवर्षे चालतात. परदेशात लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकलींना मागे कारचाच टायर बसवणारे लोक आहेत म्हणे. मग आपण तसे का करू नये?"

आम्ही चटकन उत्तर दिले, "छे, छे! कारचा टायर वळणावर रस्त्याला नीट टेकणारच नाही. पहिल्याच वळणाला गाडी घसरेल."

गुरुजींनी शांतपणे विचारले, "पण सर, मग ते परदेशातले लोक पडत कसे नाहीत?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आले की आमचा सल्ला बरोबर होता, पण त्यासाठी सांगितलेले कारण बरोबर नव्हते. शिक्षकाच्या दृष्टीने ही बाब साधी नाही. चुकीचे कारण देऊन दिलेला योग्य सल्ला, ते कारण खोटे ठरताच, विद्यार्थी फेकून देतो. आणि इथे प्रश्न जिवाचा आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होती. आपल्या वर्गातली बहुतेक मुले उद्या दुचाकीच चालवणार आहेत. म्हणून गुरुजींचा प्रश्न पुन्हा एकदा, सावकाश, पाहू या.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही

एका कामासाठी बनवलेला टायर दुसऱ्या कामाला लावणे आपल्याला नवे नाही. ऊसतोडणीच्या हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही साखर कारखान्याच्या वाटेवर उभे राहा. लाकडी चाकांच्या जागी रबरी टायर लावलेल्या बैलगाड्या ऊस ओढताना दिसतील. जुन्या मोटारींचे टायर बैलगाडीला चालतात, मग कारचा टायर मोटारसायकलला का चालू नये?

टायरचा इतिहासही गुरुजींच्याच बाजूने बोलतो असे वाटते. हवा भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट थॉमसन याने १८४५ साली घेतले, पण ती कल्पना तेव्हा मागे पडली. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर पुन्हा नव्याने तयार केला. पुढे मोटारी आल्या. सुरुवातीच्या मोटारींचे टायर अरुंद आणि गोलसरच होते, सायकलच्या टायरचे थोरले भाऊ शोभावेत असे. दोन्हींचे मार्ग नंतर वेगळे झाले. १९४६ साली मिशलँ कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले. या रचनेत टायरच्या बाजू लवचिक राहतात आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा ताठ पट्टा असतो. कारच्या टायरची पाठ रुंद आणि सपाट ठेवणे त्यामुळे सोपे झाले. मोटारसायकलच्या टायरची पाठ मात्र गोलच राहिली.

या लेखात 'पाठ' म्हणजे टायरचा नक्षीदार, रस्त्याला टेकणारा भाग. टायर आडवा कापला तर कारच्या टायरची पाठ पाटासारखी दिसते आणि मोटारसायकलच्या टायरची कमानीसारखी. ही कमान का टिकून राहिली, यातच गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

घाटातले वळण

जोतिबाचा डोंगर, म्हणजे वाडी रत्नागिरी, कोल्हापूरच्या वायव्येला साधारण १७-१८ किलोमीटरवर आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३१०० फूट. केर्लीपासून रस्ता चढू लागतो आणि वळणे सुरू होतात. आपण १५ मीटर त्रिज्येचे एक वळण कल्पनेने घेऊ.

कार वळते तेव्हा ती जवळजवळ सरळ उभी राहूनच वळते. चारही चाके रस्त्याला काटकोनात असतात. मोटारसायकलला ही सोय नाही. तिला वळायचे तर आतल्या बाजूला कलावेच लागते. किती कलावे, याचे सूत्र पाठ्यपुस्तकात आहे. कलाच्या कोनाची टॅन किंमत म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या आणि गुरुत्वीय त्वरण यांचा गुणाकार.

ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५.६ मीटर वेग असेल, तर हे उत्तर ०.२१ येते आणि कोन सुमारे १२ अंश. ताशी ३० किलोमीटरला ०.४७, म्हणजे सुमारे २५ अंश. ताशी ४० किलोमीटरला ०.८४, म्हणजे ४० अंश! वेग दुप्पट झाला आणि लागणारे बल चौपट झाले. कोरड्या, चांगल्या डांबरावर चांगल्या टायरला मिळणारा घर्षण गुणांक ०.८ च्या आसपास असतो. म्हणजे त्या वळणावर ताशी ४० हा वेग पकडीच्या सीमेवरच येतो. रस्ता ओला असेल, किंवा यात्रेनंतर त्यावर गुलालासारखी बारीक भुकटी पसरली असेल, तर ही सीमा बरीच आधी येते.

कारच्या टायरला आयुष्यात क्वचितच पाच अंशांपलीकडे कलावे लागते. मोटारसायकलचा टायर मात्र घाटात दिवसभर वीस-पंचवीस अंश कलत असतो. फरकाचे मूळ हे आहे.

सासनकाठीचे शास्त्र

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत उंच सासनकाठ्या जोतिबाच्या डोंगरावर नाचवत नेल्या जातात. बाजूला दोर धरणारे असतात, पण मुख्य काम काठी पेलणाऱ्याचे. काठी डावीकडे झुकू लागली की तो डावीकडे सरकतो आणि काठीचा पाया तिच्या भाराखाली आणतो. दुचाकीही अशीच उभी राहते. ती ज्या बाजूला पडू लागते त्या बाजूला हँडल वळते आणि चाके पुन्हा भाराखाली येतात.

आता याच्या उलट विचार करा. काठी मुद्दाम डावीकडे झुकवायची असेल तर पाया क्षणभर उजवीकडे न्यावा लागेल. मोटारसायकल डावीकडे वळवताना आपण नकळत हेच करतो. हँडलची डावी मूठ किंचित पुढे दाबतो, चाक क्षणभर उजवीकडे जाते, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. विमानाचे शोधक राइट बंधू मूळचे सायकल दुकानदार. त्यांतल्या विल्बर राइट यांनी ही गोष्ट हेरली होती. बहुतेक सायकलस्वारांना आपण असे करतो हे सांगूनही पटत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते.

म्हणजे दुचाकी वळवणे म्हणजे तिला कलवणे. आणि कलवणे सोपे व्हायचे तर तिच्या पायाने कलण्याला विरोध करता कामा नये.

नारळ आणि वीट

हे समजायला यंत्रशाळा नको. टेबलावर एक नारळ आणि एक वीट ठेवा. नारळाला बोटाने किंचित ढकला. तो सहज एका बाजूला कलतो, कारण टेकणारा बिंदू कलाबरोबर हळूहळू सरकत जातो. वीट ढकलून पाहा. ती आधी हलतच नाही, आणि जोर वाढवला की एकदम कडेवर उभी राहते. सोडली तर धपकन पूर्वीच्या जागी बसते. सपाट तळाला सरळ राहणेच आवडते.

गोल पाठीचा टायर नारळासारखा कलतो, सपाट पाठीचा विटेसारखा. कारचा टायर लावलेल्या गाडीला कलवताना टेकणारी जागा फार लवकर आतल्या कडेकडे सरकते आणि गाडी पुन्हा सरळ होऊ पाहते. म्हणून चालकाला संपूर्ण वळणभर मूठ दाबून धरावी लागते. असे टायर वापरणारे लोकही हाच अनुभव सांगतात.

याचा आकडाही काढता येतो. गाडी आणि चालक यांचा एकत्रित गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे असे धरू. ११० मिलिमीटर रुंदीच्या, जवळजवळ अर्धवर्तुळाकार पाठीच्या टायरवर आपल्या २५ अंशांच्या वळणात टेकणारा बिंदू चाकाच्या मध्यापासून सुमारे अडीच सेंटिमीटर आत सरकतो. त्याची भरपाई म्हणून गाडीला आणखी सुमारे अडीच अंश कलावे लागते. कारच्या रुंद टायरवर हा भार सहा सेंटिमीटर आत सरकला, तर भरपाई सुमारे सहा अंशांची होते. वळण तेच, वेग तोच, पण गाडी जास्त झोपवावी लागते. पायाची खुंटी रस्त्याला घासायला तेवढे अंतर कमी उरते.

पेला आणि डबा

गोल पाठीचा दुसरा फायदा अधिक सुंदर आहे. खाली निमुळता असलेला स्टीलचा पेला जमिनीवर आडवा ठेवा आणि हलकेच ढकला. तो सरळ न जाता वर्तुळात फिरतो. कारण एका फेरीत त्याचे मोठे तोंड जास्त अंतर कापते आणि लहान बूड कमी. आता सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा घरंगळवा. तो सरळ जातो.

कललेल्या गोल टायरचा जमिनीला टेकलेला तुकडा पाहा. त्याची आतली कड चाकाच्या आसाच्या जवळ असते आणि बाहेरची कड लांब. म्हणजे तो तुकडा पेल्यासारखाच आहे! तो आपणहून आतल्या बाजूला वळू पाहतो. रस्ता त्याला धरून ठेवतो आणि त्यातून वळणाच्या केंद्राकडे जाणारे बल मिळते. रुपयाचे नाणे उभे घरंगळवले तर ते ज्या बाजूला कलते त्याच बाजूला वळते, हे मुलांनी पाहिलेले असतेच. मोटारसायकलला वळणात लागणाऱ्या आडव्या बलाचा मोठा वाटा या कलण्यातूनच येतो.

कारच्या टायरचे तसे नाही. त्याला आडवे बल मुख्यतः दुसऱ्या मार्गाने मिळते. चाकाचे तोंड एका दिशेला आणि प्रत्यक्ष प्रवास किंचित वेगळ्या दिशेला, असे होऊन टायरचे रबर बाजूला ताणले जाते. हा कोन काही अंशांचाच असतो. मागे कारचा टायर असलेली मोटारसायकल वळते ती अशी. पुढचे चाक कलून वळते, तर मागचे किंचित बाजूला ताणले जाऊन. एकाच गाडीची दोन चाके दोन वेगळ्या रीतींनी वळत असतात. सावकाश जाताना हे जाणवत नाही. पण वळणातच ब्रेक लावावा लागला, समोर अचानक एसटी आली, तर या दोन रीतींचा मेळ चालकाच्या हाताला सवयीचा नसतो.

गुलालाचा ठसा

कारचा टायर बसवण्याच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास केला जातो. तो टायर रुंद, म्हणून रस्त्याला जास्त टेकतो, म्हणून पकड जास्त. हा तपासायला गुलालासारखे दुसरे साधन नाही, आणि जोतिबाच्या परिसरात त्याला तोटा नाही.

मोटारसायकल मधल्या स्टँडवर घ्या. मागच्या टायरच्या खालच्या भागाला तेलात कालवलेला गुलाल लावा. खाली आलेख कागद ठेवून, गाडी दोघांनी धरून, सावकाश स्टँडवरून उतरवा. एकाने वर बसावे. मग गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन कागद काढा. उमटलेल्या ठशाच्या बाहेरच्या कडेतले चौरस मोजा.

आता गणित करा. मागच्या चाकावर १४० किलोग्रॅम भार आहे आणि हवा ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.२५ किलोग्रॅम. हा भार मुख्यतः हवेचा दाब उचलतो. म्हणून ठशाचे क्षेत्रफळ १४० भागिले २.२५, म्हणजे सुमारे ६२ चौरस सेंटिमीटर असायला हवे. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे तुमचे उत्तर थोडे वेगळे येईल, पण अंदाज जुळेल.

हाच प्रयोग १००० किलोग्रॅमच्या कारवर केला तर प्रत्येक चाकावर २५० किलोग्रॅम येतात आणि तेवढ्याच हवेला ठसा सुमारे १११ चौरस सेंटिमीटरचा. पण तोच कारचा टायर मोटारसायकलला लावला तर भार पुन्हा १४० किलोग्रॅमच! म्हणजे ठसाही पुन्हा सुमारे ६२ चौरस सेंटिमीटरचा. टायर रुंद झाला म्हणून ठसा मोठा झाला नाही. फक्त त्याचा आकार बदलला. आधी तो लांबट आणि अरुंद होता, आता आखूड आणि रुंद झाला. क्षेत्रफळ वाढवायचे तर हवा कमी करावी लागेल.

पावसात हा आकार महत्त्वाचा ठरतो. लांबट, निमुळता ठसा नावेच्या नाळेसारखा पाणी दोन्ही बाजूंना सारतो. रुंद ठशाखालच्या पाण्याला बाहेर पडायला लांबची वाट असते. घाटातल्या कमी वेगाला याने फार बिघडत नाही. पण पुणे-बंगळूर महामार्गावर, मृगाच्या सरीत, भरधाव जाताना टायर पाण्यावर तरंगण्याचा धोका वाढतो.

आणि खराब रस्त्याचे काय? डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात चार बोटांचा फरक असतो, हे आपण रोज पाहतो. गोल टायर अशा उंचवट्यावर मधोमध चढतो. रुंद, सपाट टायरची एकच कड त्यावर चढते आणि भार एकदम त्या कडेवर जातो. गाडीला नको त्या दिशेने धक्का बसतो. कारला चार चाके असल्याने ती हे सोसते. दुचाकीचा तोल मात्र चालकालाच सावरावा लागतो.

रिंग, तार आणि हवा

दुसऱ्या दिवशी आम्ही गुरुजींबरोबर डोंगराच्या पायथ्याशी एका मेकॅनिककडे गेलो. यात्रेच्या दिवसांत कोल्हापुरातले मेकॅनिक याच वाटेवर भाविकांच्या गाड्यांची मोफत दुरुस्ती करतात, पंक्चर काढून देतात. अशा माणसाला टायर शिकवायची गरज नसते. प्रश्न ऐकून तो हसला आणि म्हणाला, "बसवून दीन की! पण गुरुजी, गाडी नुसती सरळच न्यायची हाय का वळवायची बी हाय?"

आमच्या साऱ्या गणिताचे सार त्याने एका वाक्यात सांगितले. शिवाय 'बसवून दीन' हेही आपल्याकडे वाटते तितके सोपे नाही. आपल्या बुलेट वर्गातल्या गाड्यांचा मागचा टायर साधारण ११० ते १२० मिलिमीटर रुंद आणि रिंग १८ इंची असते. त्या व्यासाच्या कारच्या टायरची रुंदी २०० मिलिमीटरच्या पुढे असते. तो मागच्या चिमट्यात मावणारच नाही.

जिथे मावतो तिथेही एक छुपा धोका आहे. टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तारेचे कडे असते. ते रिंगच्या बैठकीवर घट्ट बसते, म्हणूनच टायर निसटत नाही. कारची आणि मोटारसायकलची रिंग वेगवेगळ्या प्रमाणांनुसार बनते. दोन्हींवर '१६ इंच' लिहिलेले असले तरी बैठकीचा उतार आणि कडे अडवणारा उंचवटा सारखा असेलच असे नाही. न बसणारी कड बसवण्यासाठी हवा प्रमाणाबाहेर भरली आणि तार तुटली, तर टायर बॉम्बसारखा फुटतो. म्हणूनच मोटारसायकलच्या अनेक टायरांवर आकाराच्या आकड्यांबरोबर 'एम/सी' ही अक्षरे छापलेली असतात. टायर आणि मोटारसायकली बनवणाऱ्या कंपन्या अशा अदलाबदलीविरुद्ध स्पष्ट इशारा देतात.

भारतीय मानकांतही हा भेद आहे. कारच्या टायरसाठी आयएस १५६३३ आणि दुचाकी-तीनचाकींच्या टायरसाठी आयएस १५६२७ अशी वेगळी मानके आहेत. २००९ सालच्या सरकारी आदेशाने टायरसाठी मानकांचे पालन सक्तीचे झाले.

मग ते लोक पडत कसे नाहीत?

आता गुरुजींच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कारचा टायर बसवणाऱ्यांत होंडा कंपनीच्या 'गोल्ड विंग' या मोठ्या प्रवासी मोटारसायकलीचे अमेरिकी मालक पुष्कळ आहेत. आपल्या या उद्योगाला ते गमतीने 'अंधाऱ्या बाजूला जाणे' म्हणतात. या गाडीच्या २००१ साली आलेल्या नमुन्याचे वजन ४०० किलोग्रॅमच्या आसपास, मागची रिंग १६ इंची आणि मूळ टायर १८० मिलिमीटर रुंद. कारचा १९५ मिलिमीटरचा टायर तिच्या चिमट्यात मावतो. मोटारसायकलच्या टायरपेक्षा तो कितीतरी जास्त अंतर चालतो आणि स्वस्तही पडतो, असे ते सांगतात. त्याची भारक्षमताही जास्त असते. टायरवरचा भारांक ७४ म्हणजे ३७५ किलोग्रॅम आणि ८७ म्हणजे ५४५ किलोग्रॅम. गोल्ड विंगचा मूळ टायर पहिल्या प्रकारात येतो आणि कारचा टायर दुसऱ्या.

ते पडत नाहीत याची कारणे आता आपल्याला सांगता येतील. एक, ते बहुधा फक्त मागचाच टायर बदलतात. गाडीला दिशा देणारे पुढचे चाक गोल पाठीचेच राहते. दोन, रेडियल टायरच्या बाजू लवचिक असल्याने कललेल्या गाडीखालीही पाठीचा बराच भाग जमिनीला टेकून राहतो. 'कारचा टायर वळणावर टेकणारच नाही' हे आमचे वाक्य इथेच चुकले होते. तीन, त्यांचा बराच प्रवास रुंद, सरळ महामार्गावर होतो. चार, मूठ दाबून धरण्याची त्यांनी सवय केलेली असते.

आणि पाचवे कारण शास्त्राच्या विद्यार्थ्याने कधी विसरू नये. 'मला काही झाले नाही' असे सांगायला तोच माणूस येतो ज्याला काही झालेले नसते. जे पडले ते सांगायला फारसे येत नाहीत. किती जणांनी असा टायर लावला, किती किलोमीटर चालवला, त्यांतले किती पडले आणि मूळ टायरवाले तेवढ्याच प्रवासात किती पडले, हे चारही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय सुरक्षितता सिद्ध होत नाही. शंभर अनुभव म्हणजे शंभर मोजमापे नव्हेत.

तेव्हा योग्य उत्तर असे. कारचा टायर लावलेली मोटारसायकल पहिल्याच वळणाला पडेल असे नाही. ती बहुतेक वेळा बहुतेक वळणे घेईल. पण कलण्याला विरोध, जास्त झोपवावी लागणारी गाडी, दोन चाकांच्या दोन रीती, रस्त्याच्या कडेचा धक्का आणि रिंगेवर बसण्याची अनिश्चिती या सगळ्यांमुळे अडचणीच्या क्षणी हाताशी असणारी शिल्लक कमी होते. रोजच्या प्रवासात ही शिल्लक लागत नाही. ज्या दिवशी लागते, त्या दिवशी ती मागून मिळत नाही.

बैलगाडी, तीनचाकी, साइडकार

मग टायरबैलगाडी कशी चालते? कारण ती कलत नाही. डनलॉपच्या मुलाची तीनचाकी सायकलही कलत नव्हती. मोटारसायकलला साइडकार जोडली की तीही कलणे सोडते आणि कारसारखी वळू लागते. तिथे सपाट पाठीचा टायर शोभतो, आणि साइडकारवाले तो जाणूनबुजून वापरतातही. म्हणजे दोष कारच्या टायरमध्ये नाही. प्रश्न एवढाच विचारायचा, की हे वाहन वळताना कलते की नाही?

गुरुजींच्या खर्चाचा प्रश्न उरतोच. त्यावर साधे उपाय आहेत. हवा दर आठवड्याला, टायर थंड असताना तपासावी. कमी हवेने कडा झिजतात, जास्त हवेने मधला पट्टा. मागचा ब्रेक एकटाच दाबून टायर फरफटवू नये. नक्षीच्या खाचेत झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात, त्यांवर लक्ष ठेवावे. मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर आणि कारची १.६ मिलिमीटर खोल असायला हवी. आणि रोज सरळ रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या टायरचा मधला पट्टा झिजून गोल पाठ सपाट होऊ लागली, की तो टायर हळूहळू त्याच विटेच्या जातीचा होतो, हेही मुलांना दाखवावे.

वर्गात करून पाहण्यासाठी

पहिली गोष्ट, शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या शिक्षकांच्या सर्व दुचाकींच्या टायरांवरील आकडे आणि अक्षरे मुलांकडून उतरवून घ्या आणि त्यांचा अर्थ लावायला सांगा. दुसरी, गुलालाचा ठसा एकदा ३२ पौंड हवेवर आणि एकदा २४ पौंडांवर घ्या. क्षेत्रफळ किती वाढावे याचे भाकीत आधी फळ्यावर लिहा, मग मोजा. तिसरी, आपल्या गावाजवळच्या एका वळणाची त्रिज्या दोरीने मोजा. रहदारी नसलेल्या वेळी, शिक्षक बरोबर असतानाच. मग तिथे २०, ३० आणि ४० किलोमीटर वेगाला गाडी किती कलावी लागेल ते काढा आणि पुठ्ठ्याची मोटारसायकल कापून कोनमापकावर तेवढी कलवून दाखवा. चाळीस अंशांची ती पुठ्ठ्याची गाडी पाहून वर्गात जी शांतता पसरते, ती 'वाहने सावकाश चालवा' या पाटीपेक्षा जास्त काम करते.

आमच्या त्या गुरुजींनी हा तिसरा प्रयोग केला. बुलेटला त्यांनी मूळ मापाचाच टायर घातला. "सर, टायर परवडतो," ते म्हणाले, "पण आता वळणाच्या आधीच वेग कमी होतो. आकडा डोळ्यांसमोर येतो."